अपवादांची वहिवाट : प्रस्तावना

७ फेब्रुवारी २०१९ रोजी टाटा मोटर्सने डिसेंबर तिमाहीचे निकाल जाहीर केले आणि सुमारे २६,९६१ कोटी रुपयांचा एकत्रित तोटा दाखवला. तोवर भारतातल्या कुठल्याही कंपनीने एका तिमाहीत एवढा तोटा दाखवला नव्हता. त्याचे मुख्य कारण जग्वार लँड रोव्हर. या उपकंपनीच्या मालमत्तेचे पुस्तकी मूल्य ३.१ अब्ज पौंडांनी खाली आणले गेले होते. हा अपवादात्मक खर्च आहे आणि त्यापोटी तिजोरीतून पैसा गेलेला नाही, असे कंपनीने सांगितले. पैसा गेला नाही हे खरेच होते. मग तोटा कशाचा झाला?

नवे मॉडेल कागदावरून रस्त्यावर यायला काही वर्षे लागतात. त्या काळातला अभियंत्यांचा पगार, साचे, चाचण्या यांवरचा बराचसा खर्च कंपनी त्या त्या वर्षीच्या नफ्यातून वजा करत नाही. तो मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसतो आणि गाडी बाजारात आली की दरवर्षी थोडा थोडा वजा होतो. गाड्या खपत राहिल्या तर हिशेब सुरळीत चालतो. पण चीनमधली मागणी घसरली, युरोपने डिझेलकडे पाठ फिरवली, कर्ज महागले. आणि ताळेबंदात मांडून ठेवलेली रक्कम पुढच्या विक्रीतून वसूल होणार नाही हे मान्य करावे लागले. थोडक्यात, पैसा गेलाच होता, फक्त आधीच्या वर्षांत गेला होता आणि तेव्हा तो खर्च म्हणून दिसला नव्हता. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, मार्च २०२१ च्या तिमाहीत, याच उपकंपनीने नवे धोरण आखले, विकसित होत असलेली काही मॉडेले रद्द केली आणि सुमारे दीड अब्ज पौंडांचा आणखी एक अपवादात्मक खर्च दाखवला.

या पुस्तकाचे म्हणणे या एका उदाहरणात सामावले आहे. एकवेळचा खर्च हे बहुतेक वेळा जुन्या निर्णयाचे उशिरा आलेले बिल असते. ‘एकवेळचा’ हे विशेषण कंपनीने लावलेले असते, आणि तो दावा खरा की खोटा हे एका तिमाहीच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी दहा वर्षांचे आकडे एका ओळीत मांडावे लागतात.

विषयाला नव्या असलेल्या वाचकासाठी आधी खर्चांच्या जाती सांगतो. पहिली जात मूल्यघटीची. कारखाना, यंत्रे, मॉडेले किंवा दुसरी कंपनी विकत घेताना मोजलेले गुडविल यांचे मूल्य पुस्तकात एक आणि प्रत्यक्षात त्याहून कमी असे झाले, की फरक खर्ची टाकावा लागतो. दुसरी जात पुनर्रचनेची, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, बंद केलेले प्रकल्प, मोडलेले करार. तिसरी कोर्टाच्या आणि सरकारी निवाड्यांची. चौथी कायदा किंवा कराचा दर बदलल्यामुळे उद्भवणारी. पाचवीत पडून राहिलेला माल, विकलेल्या उपकंपन्या, आग आणि पूर येतात. आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची तीनमध्ये नफा-तोटा पत्रकाचा जो नमुना आहे, त्यात या सगळ्यांसाठी एक ओळ आहे: ‘अपवादात्मक बाबी’. तिच्या आधी एक नफा, तिच्या नंतर दुसरा. दोन्हींपैकी खरा नफा कोणता, या प्रश्नावर लेखाशास्त्रात पाऊण शतकाहून अधिक काळ वाद चालू आहे.

वादाचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वर्षात जे जे घडले ते सगळे नफ्यातून गेले पाहिजे. काय नेहमीचे आणि काय अपवाद हे ठरवण्याचा अधिकार व्यवस्थापनाला दिला की तो वापरला जाणार आणि गैरवापरलाही जाणार. दुसरा म्हणतो, नफ्याचा आकडा पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायला हवा असतो. भूकंपात पडलेली भिंत त्यात धरली तर अंदाज बिघडतो. अमेरिकेत १९४७ साली हिशेबतज्ज्ञांच्या संस्थेने दुसऱ्या पक्षाच्या बाजूने कौल दिला. शेअर बाजाराची नियामक संस्था, सेक, मात्र पहिल्या पक्षाकडे झुकलेली होती. १९६६ च्या नियमाने पारडे सर्वसमावेशक नफ्याकडे वळवले. १९७३ च्या नियमाने ‘असाधारण बाब’ म्हणवून घ्यायला दोन कसोट्या लावल्या: घटना अस्वाभाविक हवी आणि क्वचित घडणारीही हवी. या कसोट्या इतक्या कडक होत्या की ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांतून झालेला तोटाही असाधारण म्हणून दाखवता येणार नाही, असे ठरले. त्या हल्ल्याचा परिणाम आणि आधीच सुरू झालेली मंदी वेगळी काढता येत नव्हती, हे त्यामागचे कारण.

ब्रिटनमध्ये उलट अनुभव आला. तिथे असाधारण बाबी प्रतिशेअर उत्पन्नाच्या हिशेबातून बाहेर राहत. त्यामुळे वाईट बातमी असाधारण ठरू लागली आणि चांगली बातमी नेहमीच्या नफ्यात येऊ लागली. १९९२ मध्ये नवे मानक आले आणि तो दरवाजा जवळजवळ बंद झाला. आंतरराष्ट्रीय मानकांनी २००३ च्या सुधारणेत असाधारण बाबींचा वर्गच काढून टाकला. अमेरिकेने तेच २०१५ मध्ये केले. भारतात लेखामानक ५ मध्ये असाधारण बाबींना जागा होती. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या नव्या भारतीय मानकांत ती उरली नाही. ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ मात्र अनुसूचीत राहिली. ‘असाधारण’ला दार बंद झाले आणि ‘अपवादात्मक’, ‘विशेष’, ‘समायोजित’ ही भावंडे खिडकीतून आत आली.

या पार्श्वभूमीवर १९८० आणि ९० च्या दशकांतली अमेरिका समजून घेतली पाहिजे, कारण आजच्या बहुतेक सवयी तिथे लागल्या. मे १९८७ मध्ये सिटीकॉर्पचे प्रमुख जॉन रीड यांनी विकसनशील देशांना दिलेल्या कर्जांपोटी ३ अब्ज डॉलरची तरतूद केली. ही कर्जे अडचणीत आहेत हे सगळ्यांना कित्येक वर्षे ठाऊक होते. तोटा जाहीर झाला आणि शेअर वर गेला. बाजाराला जे आधीच कळले होते ते बँकेने एकदाचे मान्य केले, याचे ते बक्षीस होते. यातून कंपन्यांनी धडा घेतला: तोटा दाखवायचाच तर एकदम आणि भरपूर दाखवावा. नवा प्रमुख आला की त्याने पहिल्याच वर्षी जुन्याच्या काळातले सगळे खर्ची टाकावे, खापर गेलेल्यावर फोडावे आणि स्वतःची सुरुवात स्वच्छ पाटीने करावी. वॉल स्ट्रीटवर याला ‘बिग बाथ’ म्हणतात.

या खेळाचा नमुना म्हणून सनबीम कंपनीचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. घरगुती उपकरणे बनवणाऱ्या या कंपनीत जुलै १९९६ मध्ये अल डनलॅप प्रमुख म्हणून आले. नोकरकपातीसाठी ते आधीच प्रसिद्ध होते. वर्षअखेरीस कंपनीने ३३ कोटी ७६ लाख डॉलरचा पुनर्रचना खर्च दाखवला. सेकच्या म्हणण्यानुसार त्यातले किमान साडेतीन कोटी डॉलर अवाजवी तरतुदीचे होते. आता युक्ती पाहा. गरज ६५ ची असताना तरतूद १०० ची करायची. त्या वर्षीचा तोटा थोडा वाढतो, पण ते वर्ष तसेही बुडीतच असते आणि दोष जुन्या मंडळींचा असतो. पुढच्या वर्षी ‘तरतूद जास्त झाली’ म्हणून ३५ गुपचूप परत काढायचे. तेवढा खर्च कमी दिसतो, नफा फुगतो, आणि एकही जास्तीचा मिक्सर न विकता नव्या साहेबांचा जयजयकार होतो. सनबीमने १९९७ साली १८ कोटी ९० लाख डॉलरचा विक्रमी नफा दाखवला. त्यातला किमान ६ कोटींचा नफा लबाडीचा होता, असा सेकचा आरोप होता. जून १९९८ मध्ये डनलॅप यांना काढले गेले, २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीत आसरा शोधला, आणि पुढच्या वर्षी डनलॅप यांनी आरोप मान्य वा अमान्य न करता ५ लाख डॉलर भरून तडजोड केली. सूचिबद्ध कंपनीत अधिकारी किंवा संचालक होण्यास त्यांना बंदी झाली.

सेकचे अध्यक्ष आर्थर लेविट यांनी सप्टेंबर १९९८ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठात केलेल्या भाषणात आकड्यांच्या पाच हातचलाख्या सांगितल्या. त्यांत पहिला क्रमांक या बिग बाथचा होता. पाठोपाठ नियम आले. नुसती योजना ठरली म्हणून तरतूद करता येणार नाही, देणे प्रत्यक्ष निर्माण व्हायला हवे, हे २००२ मध्ये ठरले. २००३ च्या नियमाने असे बजावले की मागच्या दोन वर्षांत तसाच खर्च झाला असेल, किंवा येत्या दोन वर्षांत होण्याची शक्यता असेल, तर तो ‘पुन्हा न होणारा’ म्हणून समायोजित आकड्यातून वगळू नये.

याच सुमारास गुडविलचा नियम बदलला. दरवर्षी थोडे थोडे कमी करण्याऐवजी त्याची वेळोवेळी तपासणी करून घट झाली तरच खर्ची टाकायचे असे ठरले. परिणाम २००२ मध्ये दिसला. एओएल टाइम वॉर्नरने वर्षभरात ९८.७ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. एओएलने टाइम वॉर्नर विकत घेताना रोकड मोजली नव्हती, फुगलेल्या भावाचे स्वतःचे शेअर दिले होते. फुगा फुटल्यावर पुस्तकात उरली ती त्या भावाची आठवण. असे खर्च त्यानंतर नियमित येत राहिले: २००६ मध्ये ब्रिटनची व्होडाफोन, २०१२ मध्ये ऑटोनॉमीच्या खरेदीपायी एचपी, २०१५ मध्ये नोकियाच्या फोन व्यवसायापायी मायक्रोसॉफ्ट, २०१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक. आपल्याकडे टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस घेतली आणि २०१३ मध्ये सुमारे १.६ अब्ज डॉलरचे गुडविल खर्ची टाकले.

विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी यावर बरेच खोदकाम केले आहे. पॉल हीली यांनी १९८५ मध्ये दाखवले की बोनसची किमान पातळी गाठता येत नाही असे दिसले की व्यवस्थापक नफा आणखी खाली ढकलतात, म्हणजे पुढच्या वर्षाची सोय होते. इलियट आणि हॅना यांच्या १९९६ च्या अभ्यासातून दिसले की कंपनी वारंवार मोठ्या रकमा खर्ची टाकू लागली की तिच्या ‘नेहमीच्या’ नफ्यावरचाही बाजाराचा भरवसा कमी होतो. डॉयल, लुंडहोम आणि सोलिमन यांनी २००३ मध्ये मांडले की जे खर्च वगळा असे कंपन्या सांगतात, त्यांचा संबंध पुढच्या वर्षांतल्या कमी रोखप्रवाहाशी असतो. सारा मॅकवे यांनी २००६ मध्ये एक सूक्ष्म गोष्ट पकडली: रोजचे खर्च विशेष खर्चाच्या खात्यात सरकवले, तर एकूण नफ्याला धक्का न लागता मूळ व्यवसाय गोरागोमटा दिसतो.

तरीही प्रत्येक अपवादाकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपनी कराचा दर घटवला. आनंदाची बातमी, पण त्याच तिमाहीत अॅक्सिस बँकेने ११२ कोटींचा तोटा दाखवला. कारण असे की बुडीत कर्जांच्या तरतुदींमुळे भविष्यात मिळणारी करसवलत बँकेने जुन्या दराने मालमत्ता म्हणून धरली होती. दर उतरला आणि त्या सवलतीची किंमत उतरली. २,१३८ कोटी रुपये एका फटक्यात गेले. हा फटका खरोखरच एकवेळचा होता. तो बाजूला काढून बँकेकडे पाहणे शहाणपणाचेच होते.

भारतातला अनुभव अनेक बाबतींत वेगळा आहे, आणि या पुस्तकातला मोठा भाग त्यासाठी राखला आहे. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. तो बोजा पाच वर्षांत विभागून दाखवायला रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली. म्हणजे माणसे एका वर्षी घरी गेली आणि त्यांचा हिशेब पाच वर्षे चालू राहिला. दुसरी वाट न्यायालयातून जात होती. नॉव्हेलिसच्या खरेदीनंतर हिंडाल्कोने २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजुरीने सिक्युरिटीज प्रीमियमच्या खात्यातून साडेआठ हजार कोटींहून मोठा व्यवसाय पुनर्रचना राखीव निधी उभा केला. मालमत्तेतली घट आणि तत्सम ठरावीक खर्च नफ्याला हात न लावता त्यातून वळते करण्याची ही सोय होती. सगळे कायदेशीर होते, टिपांमध्ये उघड लिहिलेलेही होते. पण नफ्याचा फक्त शेवटचा आकडा वाचणाऱ्याला ते दिसणार नव्हते. आता कंपनी कायद्यात अशा योजनांना लेखामानकांशी सुसंगत असल्याचे ऑडिटरचे प्रमाणपत्र लागते.

बँक ऑफ बडोदाने फेब्रुवारी २०१६ मध्ये ३,३४२ कोटींचा तिमाही तोटा दाखवला आणि पुढच्या सत्रात शेअर वीस टक्क्यांहून जास्त उसळला. सिटीकॉर्पच्या कथेची ही भारतीय आवृत्ती. रिझर्व्ह बँकेची मालमत्ता-गुणवत्ता तपासणी चालू होती, नवे प्रमुख येऊन काही महिने झाले होते, आणि लपवाछपवी संपली असे बाजाराला वाटले. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाच्या व्याख्येचा निकाल दिला. तिमाही ३० सप्टेंबरलाच संपली होती, तरी निकालाचा भार त्याच तिमाहीत घेतला गेला: व्होडाफोन आयडियाचा तोटा ५०,९२२ कोटी, एअरटेलचा २३,०४५ कोटी. अनेकांना ही वीज वाटली. पण तो वाद दीड दशकाचा होता आणि वार्षिक अहवालांच्या टिपांमध्ये त्याची नोंद होती. टीसीएसने अमेरिकेतल्या एपिक सिस्टिम्स खटल्यापोटी २०२० मध्ये १,२१८ कोटी आणि २०२४ च्या जानेवारीत जाहीर केलेल्या निकालात ९५८ कोटी दाखवले. दोन्ही वेळा मांडणी पारदर्शक होती, दोन्ही वेळा अपवाद म्हणणे योग्यही होते; तरी खटला एकच होता.

संसारात यंदा लग्न, पुढच्या वर्षी गळके छप्पर, त्याच्या पुढच्या वर्षी कोणाचे तरी ऑपरेशन असे चालते. यातला प्रत्येक खर्च एकदाच होतो, पण जो गृहस्थ ते सगळे वगळून ‘माझी शिल्लक एवढी’ म्हणतो, त्याच्याकडे शिल्लक कधीच नसते. कंपनीचेही तसेच. वाहन कंपनीची मॉडेले अधूनमधून रद्द होणारच, बँकेची कर्जे बुडणारच, औषध कंपनीवर खटले होणारच. तो त्या धंद्याचा नेहमीचा खर्च आहे, फक्त दरवर्षी सारखा येत नाही.

हे आत्ताच वाचायचे कारण काय? पहिले कारण नियमांचे. एप्रिल २०२४ मध्ये आलेले आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १८ हे १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू होत आहे. व्यवस्थापनाने स्वतः घडवलेले नफ्याचे आकडे आता लेखापरीक्षित टिपेत, मूळ आकड्याशी ताळा दाखवून द्यावे लागतील. दुसरे कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांचे. वेतनाची व्याख्या बदलल्याने ग्रॅच्युइटीचा बोजा वाढला आणि डिसेंबर तिमाहीत अनेक कंपन्यांनी तो अपवादात्मक म्हणून दाखवला. मागच्या सेवेपोटीचा भाग एकवेळचा आहे हे बरोबर. पण वाढीव ग्रॅच्युइटी इथून पुढे दरवर्षी लागणार आहे, तो भाग नेहमीचा. तिसरे कारण वाचकांचे. भारतातली डिमॅट खाती ऑगस्ट २०२२ मध्ये दहा कोटींवर गेली आणि नंतरही वाढत राहिली. नोंदणीकृत गुंतवणूकदारांत महाराष्ट्र पहिला आहे. निकालाच्या संध्याकाळी मोबाइलवर जो एक आकडा येतो तो अपवादाआधीचा की नंतरचा, हे विचारण्याची सवय यातल्या फार थोड्यांना आहे.

हे पुस्तक कुठला शेअर घ्यावा हे सांगत नाही. घोटाळ्यांचा संग्रहही त्यात सापडणार नाही; इथल्या बहुतेक कंपन्यांनी नियम पाळले आहेत, आणि प्रश्न नियम पाळूनही उरतो तो आहे. प्रत्येक प्रकरणात एकच रीत ठेवली आहे. खर्च कोणत्या निर्णयातून आला, पैसा प्रत्यक्षात केव्हा गेला, निर्णय घेणाऱ्याला त्या वर्षी बोनस कोणत्या आकड्यावर मिळाला, आणि तरतुदीतले किती पुढे परत काढले, या क्रमाने वाचत जायचे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, बचत गुंतवणारा नोकरदार आणि स्वेच्छानिवृत्तीचे पत्र हाती घेऊन बसलेला कामगार हे तिघेही वाचक डोळ्यांसमोर होते. तिसऱ्याचा उल्लेख मुद्दाम करतो. निकालाच्या पत्रकात जो ‘पुनर्रचना खर्च’ म्हणून एका ओळीत येतो, तो त्याच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब असतो.

वाचकाला एकच विनंती. पुढे वाचण्याआधी तुमच्याकडे शेअर असलेल्या एका कंपनीचे गेल्या दहा वर्षांचे वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ दरवर्षी शोधा, बेरीज करा आणि ती दहा वर्षांच्या एकूण नफ्याशेजारी लिहा. त्या बेरजेसह पुढची पाने वाचलीत, तर या पुस्तकाचा उपयोग दुप्पट होईल.